डोस तिप्पट, घट दीडपटही नाही

भाईंदर पूर्वेच्या नवघर रोडवर औषधाच्या दुकानांची वानवा नाही. अशा दुकानांच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या जोडीला आता वजन उतरवणारी इंजेक्शनंही आली आहेत. त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांचा एक सवालही आला: ‘पाचच्या डोसने चार किलो गेले, मग दहाच्या डोसने आठ जातील ना?’ हिशेब चोख आहे. शरीराला मात्र हे त्रैराशिक मंजूर नाही.

टिर्झेपेटाइड, म्हणजे ‘मौंजारो’, २० मार्च २०२५ रोजी भारतात विक्रीला आलं. त्याची सगळ्यात गाजलेली चाचणी ‘सरमाउंट-१’ ही २०२२ साली प्रसिद्ध झाली होती. मधुमेह नसलेली २,५३९ माणसं आणि ७२ आठवडे. ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्के घटलं, १० घेणाऱ्यांचं १९.५ टक्के आणि १५ घेणाऱ्यांचं २०.९ टक्के. नुसतं दिखाऊ इंजेक्शन टोचलेल्यांचंही ३.१ टक्के उतरलं होतं. पहिल्या पायरीवर साडेचार टक्क्यांची भर पडली, दुसरीवर जेमतेम दीड टक्क्याची.

तेव्हा जास्त डोसने वजन जास्त उतरतं का? उतरतं. प्रश्न आहे तो किती, आणि कशाच्या बदल्यात, हा.

ही औषधं आतड्यात तयार होणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपेटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही. मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या पेशींवर त्यांच्यासाठीचे ग्राही (रिसेप्टर) असतात. औषध तिथे जाऊन चिकटलं की पोट भरल्याचा निरोप जातो. पण हे ग्राही मोजकेच. बहुतेक भरले की वरच्या औषधाला करण्यासारखं फारसं उरत नाही. आणि तसेच ग्राही मेंदूच्या तळाशी, मळमळ आणि उलटी घडवणाऱ्या भागातही आहेत. भूक मारणाऱ्या औषधाने पोटात ढवळतं ते त्यामुळे.

म्हणून टिर्झेपेटाइडची सुरुवात अडीच मिलिग्रॅमने करायची आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबायचं, असा नियम आहे. चार आठवड्यांमागे आणखी एक कारण आहे. ‘ओझेम्पिक’ आणि ‘वेगोव्ही’मधलं सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. पुढचं इंजेक्शन टोचताना मागचं निम्मं अजून अंगातच असतं, आणि रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे जातात. दोन आठवड्यांत ‘काही फरकच नाही’ म्हणून परस्पर डोस वाढवणाऱ्याने आधीच्या डोसचा पुरता परिणाम पाहिलेलाच नसतो.

कंपन्यांनी मात्र छत आणखी उचलून पाहिलं. सेमाग्लुटाइडचा वजनासाठीचा नेहमीचा वरचा डोस २.४ मिलिग्रॅम, ‘स्टेप अप’ चाचणीत तो तिप्पट, ७.२ केला गेला. ७२ आठवड्यांनी घट १५.६ टक्क्यांवरून १८.७ टक्क्यांवर गेली. त्याच वेळी कातडीला झिणझिण्या किंवा भाजल्यासारखं वाटण्याच्या तक्रारी सुमारे ६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर पोचल्या. तीन टक्के वजनासाठी हा सौदा कोणाला परवडेल? दीडशे किलोच्या आणि गुडघे गेलेल्या माणसाला कदाचित परवडेल. लग्नाआधी सहा किलो उतरवू पाहणाऱ्याला नक्कीच नाही.

इथे आपल्याकडचं एक संशोधन आठवायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावर सडपातळ, आतून चरबीदार आणि स्नायूंनी बेताची, ही भारतीय ठेवण त्या एका फोटोने जगापुढे आणली. याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीराचं उदाहरण दिलं, याचं वेगळं कौतुक.

या इंजेक्शनांनी उतरतं ते सगळं वजन चरबीचं नसतं. सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप १’ चाचणीत काही जणांच्या शरीराचं स्कॅन झालं. त्यात घटलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर भागाचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा होता. ज्याच्याकडे स्नायू मुळातच कमी, त्याने डोस वाढवून झपाट्याने किलो पाडले, तर काटा खूश होईल. जिने चढताना पाय मात्र खूश होणार नाहीत. वाढत्या डोसबरोबर व्यायाम आणि डाळ-अंडी-पनीर वाढलं नाही तर ती घट कागदावरचीच.

शिवाय मिलिग्रॅम सगळ्यांना सारखे असले तरी शरीरं सारखी नसतात. ‘सरमाउंट-१’ आणि ‘स्टेप १’, दोन्ही चाचण्यांतल्या लोकांचं सरासरी वजन सुमारे १०५ किलो होतं. हलक्या माणसाच्या रक्तात तेवढ्याच डोसने औषधाची पातळी जास्त चढते. नवघरच्या सत्तर किलोच्या बाईसाठी ‘मधला’ डोस तितका मधला नसतो.

म्हणजे आशियाई माणसाला कमी डोस पुरतो, असंही सरसकट म्हणता येत नाही. जपान आणि दक्षिण कोरियातल्या लोकांवरच्या ‘स्टेप ६’ चाचणीत १.७ मिलिग्रॅमने ९.६ टक्के, तर २.४ ने १३.२ टक्के वजन उतरलं. फरक चांगलाच आहे. उलट, ‘स्टेप १’मध्ये पूर्ण डोसची मुभा असूनही सुमारे सातातल्या एकाचं वजन पाच टक्केही घटलं नाही. सरासरीच्या आकड्यांत ही माणसं दिसत नाहीत, पण दवाखान्यात समोर येऊन बसतात.

पैशांचं गणित वेगळंच. २०२५ मधल्या सुरुवातीच्या किमतीनुसार मौंजारोची अडीचची कुपी ३,५०० रुपयांना आणि पाचची ४,३७५ रुपयांना होती. दर आठवड्याला एक कुपी लागते, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परतू लागतं. ‘स्टेप १’नंतर वर्षभरात लोकांनी उतरवलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत कमावलं होतं. त्यामुळे महिनाभर झेपणारा डोस नव्हे, तर वर्षानुवर्षं पोटाला आणि खिशाला झेपणारा डोस शोधावा लागतो. वजन उतरत असेल, कमरेचा टेप पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या दिशेने सरकत असेल, साखर आणि रक्तदाब आटोक्यात येत असतील, तर पुढची पायरी चढायचं कारण डॉक्टरांकडे नसतं. मौंजारोच्या माहितीपत्रकातही कायम चालू ठेवायचे डोस म्हणून १० आणि १५ च्या बरोबरीने ५ मिलिग्रॅमचं नाव आहे.