वासरू कधी विकायचे?

अमेरिकेत मांसासाठी गायी पाळणाऱ्या पशुपालकाच्या हाती वर्षातून बहुधा एकदाच मोठी रक्कम येते. वसंतात जन्मलेली वासरे सहा ते आठ महिन्यांची झाली, की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचे दूध तोडतात. तेव्हा वासराचे वजन साधारण 200 ते 275 किलो भरते. ते लगेच लिलावात विकायचे, की राखून वजन वाढवायचे, हे बाजारभावाइतकेच मालकाच्या धोका पत्करण्याच्या वृत्तीवर ठरते.

बरेच जण लगेच विकतात. सगळ्यांची वासरे एकदम बाजारात आल्याने या दिवसांत भाव सहसा उतरलेले असतात, हे त्यांना ठाऊक असते. पण कर्जाचा हप्ता तोंडावर असतो, हिवाळ्याचा चारा महाग पडतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे त्यांना परवडत नाही.

वासरे राखणारा त्यांना लस टोचतो, गव्हाणीत खाण्याची सवय लावतो. यात साधारण 45 दिवस जातात. मात्र वजन वाढले की किलोमागे भाव घटतो. समजा, 250 किलोचे वासरू किलोला 6 डॉलरने 1,500 डॉलरला गेले असते. तेच 290 किलोचे झाल्यावर 5.60 डॉलरने 1,624 डॉलर देते. शंभर वासरांमागे 12,400 डॉलर जास्त मिळाले, तरी दर वासरामागे खुराक आणि औषधाचे 90 डॉलर वजा जाता 3,400 उरतात. श्वसनरोगाने दोन वासरे दगावली, की जेमतेम 152.

बाजाराचा फटका वेगळाच. 23 डिसेंबर 2003 रोजी वॉशिंग्टन राज्यातील एका गायीला ‘मॅड काऊ’ रोग झाल्याचे जाहीर झाले आणि गुरांचे भाव कोसळले. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडले. असा फटका बसलेला पशुपालक पुढे सावध होतो, तो यामुळेच.

भाव आधीच बांधून घेण्यासाठी शिकागोत वायदेबाजार आहे. पण तिथला एक सौदा 50,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 90 वासरांचा. चाळीस-पन्नास गायींच्या मालकाला तो झेपत नाही. त्याच्यासाठी सरकारी अनुदानाचा भावविमा सोयीचा, कारण तो मोजक्या जनावरांचाही काढता येतो.

म्हणून लवकर विकणाऱ्याला भित्रा ठरवणे चूक आहे. एक वाईट वर्ष सोसण्याइतकी पुंजी ज्याच्यापाशी आहे, त्याने वासरू राखावे. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने दूध तोडताच विकणे हाच शहाणपणा.