रिकाम्या रकान्यातली तारीख

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. १ मे १८५४ला ती कल्याणपर्यंत धावू लागली. एक्सेलच्या लेखी मात्र या दोन्ही तारखाच नव्हेत! त्याचं नेहमीचं कॅलेंडर सुरूच होतं १९००पासून.

इतर संगणकप्रणालींची सुरुवात वेगळीकडे होते. युनिक्सचा शून्य क्षण म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. त्यामुळे वेळेचं चल शून्यावर सोडलं, की डोंबिवलीतल्या मोबाइलवर त्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच दिसतात. सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतला, मूल्य न दिलेला डेटटाइम त्याहून मागे, थेट इसवी सन १च्या १ जानेवारीला जाऊन बसतो.

तारीख ठाऊकच नसेल, तर ‘नल’, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण, ठेवणं बरं. नाहीतर जन्मतारीख न दिलेला ग्राहक दोन हजार वर्षांचा निघतो आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही.