डॉक्टरांचे बिल कोणी भरायचे?

आजारपण सांगून येत नाही, असे आपण म्हणतो. एका घरापुरते ते खरेच आहे. पण हजार घरांच्या गावाला आजारपण बरेचसे सांगून येते. येत्या पावसाळ्यात तुमच्या घरी कोणाला विषमज्वर होईल की नाही, हे ज्योतिषीही सांगणार नाही. मात्र हजार घरांत वर्षाकाठी साधारण किती माणसे अंथरूण धरतील, किती बाळंतपणे अडतील, किती हाडे मोडतील, याचा अंदाज मागच्या नोंदींवरून बांधता येतो. विम्याचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे. सर्वांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याच्यासाठी ते खर्चायचे.

इथवर कोणाचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते हा विमा स्वखुशीचा असावा की सरकारने सक्तीचा करावा, या प्रश्नावर.

समजा, गावात कोणी स्वखुशीचा विमा काढला आणि वर्गणी ठेवली वर्षाला शंभर रुपये. पहिल्यांदा धावत कोण येईल? ज्याच्या घरी दम्याचा रोगी आहे तो. तालमीत घुमणारा गडी म्हणेल, "मला काय धाड भरलीय?" वर्षअखेरीस खर्च जास्त निघाला, म्हणून वर्गणी दीडशे झाली. मग जे थोडेफार निरोगी लोक आत होते, तेही हिशेब करून बाहेर पडले. वर्गणी दोनशे झाली. असे होता होता विम्यात उरतात ते फक्त आजारी, आणि त्यांनाच ती वर्गणी झेपत नाही. हे टाळायचे तर विमा चालवणाऱ्याला माणसे निवडून घ्यावी लागतात; म्हातारे नकोत, जुने दुखणेकरी नकोत. म्हणजे ज्याला गरज, तोच दाराबाहेर. दुसरा उपाय एकच, सगळ्यांना आत घेणे. आणि सगळ्यांना आत घेण्याची ताकद सरकारखेरीज कोणाकडे असते? शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात पाटीवर मांडून पाहावे. पोरांना लगेच पटते.

पण गणित पटले म्हणून वाद मिटत नाही. तो किती हातघाईवर येऊ शकतो, हे कॅनडातल्या सॅस्कॅचेवान या प्रांताने १९६२ मध्ये पाहिले. तो प्रांत गव्हाच्या शेतकऱ्यांचा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आणि वस्ती १९६१ साली अवघी सव्वानऊ लाख. एका वाडीपासून दुसरी वाडी कोसांवर, हिवाळ्यात सारे बर्फाखाली. अशा ठिकाणी डॉक्टर टिकायचा कसा? १९१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण भागात डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात होता. तेव्हा तिथल्या ग्रामसभेने, आपण ग्रामपंचायत म्हणू, वर्षाला १५०० डॉलर देऊन त्याला ठेवून घेतले. पैसा कराचा, डॉक्टर सगळ्यांचा. पुढच्याच वर्षी कायद्याने तशी मुभा दिली आणि ही रीत गावोगाव पसरली. तेव्हा सरकारी विम्याचे बी शहरातल्या पंडितांनी पेरले नाही; ते गावकऱ्यांनी गरजेपोटी पेरले. मला या साऱ्या हकीकतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला, धुळीची वादळे झाली, गव्हाचे भाव कोसळले. रोग्यांपाशी पैसा नाही, मग डॉक्टरांची फी कोठून यायची? त्या काळात सरकारने विमा करावा असे डॉक्टरच म्हणत, आणि १९४३ मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघाने त्या तत्त्वाला मान्यताही दिली होती. पुढे लोकांच्या हातात पैसा आला, डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली स्वखुशीचे विमे काढले, ते बरे चालले, आणि मत फिरले. पोट भरल्यावर मत फिरते, हे काही डॉक्टरांपुरतेच खरे नाही म्हणा.

१९४४ मध्ये तिथे टॉमी डग्लस यांचे सरकार आले. डग्लस लहान असताना त्यांच्या पायाच्या हाडाला रोग झाला होता. घरची गरिबी, पाय कापण्यावाचून गती नाही असे ठरलेले. इतक्यात एका नामांकित शस्त्रवैद्याने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून ती केस फुकट केली आणि पाय वाचला. त्या सर्जनचे उपकार ते विसरले नाहीत. पण मुलाचा पाय कोणाच्या मर्जीवर वाचावा, हेच त्यांना खटकत राहिले.

डग्लस यांनी घाई केली नाही. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या एका विभागात डॉक्टर आणि इस्पितळ दोन्हींचा विमा करून पाहिला. १ जानेवारी १९४७ पासून साऱ्या प्रांतात इस्पितळाचा विमा आला. वर्गणी माणशी ५ डॉलर, कुटुंबाला फार तर ३० डॉलर. पण इतरत्र डॉक्टरांची फी मात्र ज्याची त्यानेच भरायची, आणि असे पंधरा वर्षे चालले.

ही अर्धी वाट आपल्याही ओळखीची आहे. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगारांसाठी राज्य विमा योजना झाली, १९५२ मध्ये ती कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. शेतमजूर तिच्या बाहेर राहिला. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळातले उपचार त्यात मिळतात. पण खाटेवर दाखल व्हावे लागते. गावच्या दवाखान्यात दाखवायला गेल्याची फी, महिन्याची मधुमेहाची गोळी, हे सारे खिशातूनच. आणि गरीब घर पुष्कळदा या बारीक बारीक खर्चानेच खचते.

सॅस्कॅचेवानात १९५९ च्या अखेरीस डॉक्टरांच्या फीचाही विमा करण्याचे जाहीर झाले. १९६० ची निवडणूक त्यावरच लढली गेली आणि सरकारने ती जिंकली. १९६१ मध्ये कायदा झाला. डग्लस देशाच्या राजकारणात गेले आणि वूड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले. ते पेशाने शिक्षक होते, हे आमच्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवावे. वर्गणी ठरली माणशी १२ आणि कुटुंबाला २४ डॉलर. बाकीची भर करांतून.

आता डॉक्टरांचे म्हणणे ऐका, कारण ते अगदीच पोकळ नव्हते. जो पैसे देतो तो हुकूम सोडतो, असे ते म्हणत. आज सरकार फी ठरवील, उद्या कोणते औषध द्यायचे ते ठरवील, परवा कोणत्या गावी जायचे ते. रोग्याने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट कचेरीतल्या कारकुनाच्या फायलीत जाईल. आणि गरिबांचीच चिंता असेल, तर सरकारने फक्त गरिबांची वर्गणी भरावी, बाकीच्यांचे स्वखुशीचे विमे चालू द्यावेत. यातला शेवटचा मुद्दा वरवर फार शहाणपणाचा दिसतो. पण तालमीतला गडी आठवा. शिवाय गरीब ठरायचे म्हणजे आधी कोणाच्या तरी टेबलापुढे उभे राहून आपली गरिबी शाबीत करायची. त्याला कागद लागतात, हेलपाटे लागतात, आणि माणूस आतून मोडतो ते वेगळेच.

१९६२ च्या मे महिन्यात लॉइड स्वतः डॉक्टरांच्या सभेत गेले. ज्यांना सहकार्य करायचे नाही त्यांनी उभे राहावे असे म्हणताच जवळजवळ सारे सभागृह उभे राहिले. १ जुलैला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. ठराविक इस्पितळांत तेवढी तातडीची सेवा ठेवली. पहिल्याच दिवशी एक नऊ महिन्यांचे तान्हे मूल आईबाप गाडीतून डॉक्टर शोधत फिरत असताना दगावले. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले. सस्काटून, रेजायना अशा शहरांत लोकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे दवाखाने काढले. सहकार त्यांच्या अंगवळणी पडलेला होता, १९२० नंतरच्या दशकापासून त्यांचा गहू सहकारी संघच विकत असे. उलट बाजूने 'आमचे डॉक्टर आम्हांला हवेत' म्हणणाऱ्या समित्या निघाल्या. ११ जुलैला त्यांनी विधानसभेपुढे मोर्चा नेला. हजारोंची लाट येणार अशी हाकाटी होती, प्रत्यक्षात आले चार-पाच हजार. तिथेच संपाचा जोर ओसरला.

तडजोड घडवली ती लॉर्ड टेलर या इंग्रज डॉक्टरांनी. दोन्ही पक्ष एका खोलीत बसायला तयार नव्हते, म्हणून ते या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन जात-येत. २३ जुलैला करार झाला. विमा सक्तीचाच राहिला, पण डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. त्यांचा दवाखाना त्यांचाच. रोग्याने हवा तो डॉक्टर निवडायचा, डॉक्टरने तपासायचे आणि बिल योजनेकडे पाठवायचे. नको असेल तर डॉक्टरने रोग्याकडूनच पैसे घ्यावेत आणि रोग्याने ते योजनेकडून परत मिळवावेत, अशीही वाट ठेवली. सरकारी विमा म्हणजे सरकारी दवाखाना नव्हे, हा फरक आपल्याकडच्या चर्चेत फार वेळा पुसला जातो. बिल सरकार भरते, नाडी डॉक्टरच पाहतो.

१९६४ मध्ये लॉइड यांचा पक्ष निवडणूक हरला. नव्या सरकारने पुष्कळ गोष्टी बदलल्या, पण ही योजना ठेवली. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने देशभर असा विमा असावा अशी शिफारस केली. १९६६ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. तक्रारी संपल्या असे नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते म्हणून तिथले लोक कुरकुरतात. घरी घ्यायच्या औषधांचा आणि दातांचा खर्च मूळ कायद्यात धरलाच नव्हता, आणि त्यावरून तिथे अजूनही वाद चालतात.