सहा चाकांची शेतमोटार : ओझें कशावर ठरतें ?

शेतावरील मोटारीस तिसरा आंस जोडून तिचीं चाकें सहा करावयाचीं आणि तिजकडून पूर्वीपेक्षां बरेंच जास्त ओझें वाहवावयाचें, हा उद्योग ऑस्ट्रेलियांत चांगला रुळलेला आहे. त्याची हकीकत आमच्या शेतकरी वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों. वरवर पाहतां ही गोष्ट सोपी दिसते. परंतु चाकें वाढलीं कीं ताकद वाढलीच, ही समजूत खरी नव्हे. आणि तिच्या पायीं पैसा तर जातोच, पण प्रसंगीं जिवावरही बेततें.

प्रथम ही मोटार कोणती तें सांगूं. पुढें माणसांची बैठक व मागें उघडा हौदा अशा गाडीस तिकडे ‘यूट’ म्हणतात. १९३२ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीस पत्र लिहिलें, आणि रविवारीं प्रार्थनेस जातां येईल व सोमवारीं डुकरें बाजारास नेतां येतील अशी एकच गाडी मागितली, असें सांगतात. जिलाँग येथील कारखान्यांत लुई बँट ह्या आराखडेकारानें ती सिद्ध केली व १९३४ सालीं ती विक्रीस आली. पुढें १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्नोई पर्वतांतील धरणांच्या कामावर टोयोटाच्या लँड क्रूझर गाड्या आल्या. इंजिनाचा जोर चारही चाकांस पोंचत असल्यामुळें त्या चिखलांत व वाळूंत अडत नसत. त्याच वंशांतील ‘७९’ ही गाडी आज तिकडच्या पशुपालकांच्या व खाणवाल्यांच्या विशेष आवडीची असून, सहा चाकी रूपांतर बहुधा तिचेंच करतात.

आतां हिशेब पाहूं. प्रत्येक गाडीस गाडी, माणसें, तेल व माल मिळून एकूण किती वजन मान्य आहे, तें निर्माता ठरवून देतो. ‘७९’ च्या एका बैठकीच्या गाडीस हें वजन अनेक वर्षें ३३०० किलो होतें. २०२२ पासून तें ३५१० किलो झालें. जुन्या गाडीचें नुसतें वजन २२०० किलो धरलें तर ११०० किलो उरतात. त्यांतून लोखंडी हौदा, पुढचा लोखंडी अडसर, दोन माणसें व हत्यारांची पेटी वजा जातां हातीं सहाशें-सातशें किलो राहतात. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हां वणवा विझविण्यासाठीं हजार लिटरची टाकी ठेवावयाची म्हटली, तर पंप व टाकीचें वजन सोडूनही ती ह्या हिशेबांत बसत नाहीं. तिसऱ्या आंसाची गरज उत्पन्न होते ती येथें.

कित्येक लोक ह्या अडचणींतून स्वस्त वाट काढतात. ते मागील स्प्रिंगला जादा पाटे घालतात किंवा तिच्याजवळ हवेच्या पिशव्या बसवितात. गाडी मागून उचलली जाते व मालक निर्धास्त होतो. परंतु उंची वाढली म्हणून आंस, ब्रेक व चासी यांची ताकद वाढत नाहीं. मागील आंसाच्याही पाठीमागें ओझें ठेवलें कीं गाडी उलाळ होते, ही गोष्ट बैलगाडी हांकणारास नव्यानें सांगावयास नको. बैलगाडी उलाळ झाली तर जूं वर उचललें जाऊन लगेच कळतें. मोटारींत तें कळत नाहीं. पुढच्या चाकांवरचा भार हलका होऊन सुकाणू व ब्रेक यांची पकड कमी होते, आणि त्यांतच मागें जड गाडी जोडली असली तर खडबडीत रस्त्यावर चासी पिशवीच्या जागीं वांकते. अशा वांकलेल्या चासीचीं उदाहरणें ऑस्ट्रेलियांत पुष्कळ घडलीं आहेत.

खरें रूपांतर याहून निराळें असतें. त्यांत चासी मागें लांबवून मजबूत करतात व दुसरा मागील आंस बसवितात. ह्या दोन्ही आंसांनीं भार सारखा वांटून घेतला पाहिजे. नाहींतर उंचवट्यावर सर्व ओझें एकाच आंसावर येऊन तो मोडावयाचा. यासाठीं दोन्ही आंसांच्या स्प्रिंगांमध्यें तराजूच्या दांडीसारखी डोलणारी दांडी घालतात, किंवा दोहोंकडील हवेच्या पिशव्या नळीनें जोडतात. दुसरा प्रश्न जोराचा. नवा आंस नुसता फिरता ठेवला तर काम स्वस्तांत होतें, परंतु जोराच्या चाकांवरील भार तो आपल्याकडे घेतो व वाळूंत गाडी रुतूं लागते. म्हणून जेथें वाट वाईट तेथें इंजिनाचा जोर तिसऱ्या आंसापर्यंत न्यावाच लागतो. शिवाय ‘७९’ चीं पुढचीं चाकें २००७ नंतर मागच्या चाकांहून सुमारें ९५ मिलीमीटर अधिक रुंद चाकोरीनें चालतात. चांगला कारागीर मागची रुंदी त्याच वेळीं वाढवून दोन्ही चाकोऱ्या जुळवून घेतो.

ह्या कामाचा आदर्श पाहावयाचा तर ऑस्ट्रेलियन सेनेच्या ‘पेरेन्टी’ गाड्यांकडे पाहावें. घोरपडीच्या कुळांतील तिकडच्या एका मोठ्या प्राण्याचें हें नांव. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत लँड रोव्हरच्या ह्या गाड्या त्या देशांत तयार झाल्या. चार चाकी गाडी एक टन ओझें नेई व सहा चाकी दोन टन. चाकें दीडपट, पण ओझें दुप्पट ! याचें कारण केवळ दोन चाकें नव्हेत. सहा चाकी गाडीची चासी निराळी होती, मागें भार वांटणारे पाटे होते आणि इसुझूच्या डिझेल इंजिनास टर्बोची जोड दिलेली होती. सारी सांखळी बदलली, तेव्हां ओझें वाढलें.

रूपांतराचे तोटेही विसरूं नयेत. नवा आंस, चाकें व वाढीव चासी यांचें वजन कांहीं शें किलो होतें व तें मिळालेल्या सवलतींतूनच वजा जातें. वळतांना मागचीं चाकें जमिनीवर घासून टायर झिजतात आणि वळण्यास जागा जास्त लागते. इंजिन बहुधा तेंच असल्यामुळें चढावर वेग मंदावतो. ब्रेकची व्यवस्था चारांऐवजीं सहा चाकांस पुरेल अशी नव्यानें सिद्ध करावी लागते. टायर तर सहापट काळजी मागतात.

याहून मोठा प्रश्न कागदाचा. महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस असें वाटतें कीं, सातबारावर नसलेली जमीन जशी आपली म्हणतां येत नाहीं, तसें नोंदपत्रावर नसलेलें वजनही गाडीचें म्हणतां येत नाहीं. तिकडे मोटारीच्या साध्या परवान्यावर ४५०० किलोपर्यंतचीच गाडी हांकतां येते. त्यापुढें ट्रकचा परवाना लागतो. म्हणून कित्येक मालक सहा चाकी गाडीचें मान्य वजन मुद्दाम ४५०० च्या किंचित् आंत नोंदवून घेतात. लोखंड अधिक पेलूं शकत असलें तरी कायदा तेवढेंच मानतो. अधिक भरलें आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो.

मग हा खर्च करावा कोणी ? नेहमींचा रस्ता असेल तर त्याच पैशांत हलका ट्रक घेणें शहाणपणाचें. इसुझू व फुसो यांचे चारही चाकांस जोर असलेले ट्रकही तिकडे मिळतात. जेथें अरुंद पायवाट, झाडी व मऊ जमीन यांमुळें ट्रकची रुंदी व उंची अडते आणि तरीही दोन टन पाणी, औषध किंवा यंत्र न्यावयाचें असतें, तेथेंच सहा चाकी गाडी आपली किंमत वसूल करून देते.

आमच्याकडे पिकअपला जादा पाटे घालून ऊंस, कांदा वा खत भरण्याची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. जादा ओझ्याबद्दल १९४ व्या कलमांत, २०१९ च्या दुरुस्तीनें, २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तेव्हां ऑस्ट्रेलियाचें अनुकरण चाकांत न करतां हिशेबांत करावें. हंगामापूर्वीं एकदां गाडी रिकामी व एकदां भरलेली अशी वजनकांट्यावर न्यावी. शक्य तर पुढचीं व मागचीं चाकें निराळीं तोलावीं आणि आलेले आंकडे नोंदपत्राशीं ताडून पाहावे. कांट्याचे पैसे थोडे लागतात. घाटांत ब्रेक निकामी झाला तर त्याची किंमत कोणासच देतां येत नाहीं.