दात वाचला, पण तो टिकेल काय?

"दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत," ही म्हण आपल्या वाडवडिलांनी दैवाच्या लहरीपणाला उद्देशून केली असली, तरी तिचा उत्तरार्ध पुष्कळ घरांत अक्षरशः खरा ठरत आलेला आहे. चाळिशी-पन्नाशी उलटली की एकेक दाढ किडते, ठणकते, हलू लागते आणि अखेर काढून टाकावी लागते. वय झाले म्हणजे दात जायचेच, अशी मनाची समजूत घालून माणसे मऊ भात आणि पातळ कालवण यांवर समाधान मानतात. वस्तुतः दात म्हातारपणाने जात नाहीत; ते रोगाने जातात, आणि रोगावर इलाज असू शकतो.

किडीने आतपर्यंत पोखरलेली दाढ न उपटता, तिच्या मुळांतील पोकळी स्वच्छ करून ती तोंडातच राखण्याचा जो उपचार आहे, त्याला आज खेडोपाडीही 'रूट कॅनाल' याच नावाने ओळखतात. हा उपचार स्वस्त नाही. त्यासाठी तालुक्याच्या गावी तीन-चार खेपा घालाव्या लागतात, मजुरी बुडते, पैसे मोजावे लागतात. अखेर ठणका थांबतो आणि घरात सर्वांना हायसे वाटते. परंतु वर्ष-दोन वर्षांनी भाकरीचा तुकडा चावताना तीच दाढ कट्कन् चिरते आणि शेवटी काढावीच लागते, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. मग "एवढा खर्च पाण्यात गेला" असे म्हणून दंतवैद्याला बोल लावला जातो. असे का होते आणि ते टाळण्यासाठी आपल्या हाती काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दाढेची घडण

दाताचे बाहेरचे पांढरे कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, हा मानवी देहातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असलेले हे कवच कठीण खरे, पण ठिसूळही आहे. त्याच्याखाली डेंटाइनचा पिवळसर थर असतो. त्यात खनिजे सुमारे 70 टक्के आणि बाकीचे तंतू व पाणी असल्यामुळे त्याला किंचित लवचीकपणा असतो. कठीण फरशीखाली थोडी दबणारी जमीन असावी, तशी ही रचना आहे. ह्या डेंटाइनच्या पोटात एक पोकळी असते व तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेला मऊ गर असतो. पोकळीतून निघणाऱ्या अरुंद नळ्या मुळांच्या टोकापर्यंत जातात. पुढच्या पटाशीच्या दातांना बहुधा एकच नळी असते. खालच्या मोठ्या दाढेला दोन मुळे आणि साधारणतः तीन नळ्या. तर वरच्या दाढेला तीन मुळे आणि पुष्कळदा एक लपलेली चौथी नळी असते. ह्या नळ्या सरळ असतात असेही नव्हे. त्या वाकड्या, चपट्या आणि काही ठिकाणी केसासारख्या बारीक असतात.

कीड गरापर्यंत पोहोचली म्हणजे गर सडतो. ही सड जंतूंमुळेच होते, हे 1965 साली अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघा संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवून दिले. त्यांनी साध्या उंदरांच्या आणि पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढा कोरून आतील गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर मेला व मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या उघड्या गरावर मात्र अन्न साचूनही डेंटाइनचा नवा पडदा धरला आणि जखम भरून आली. तेव्हा रूट कॅनाल उपचाराचे सारे मर्म एकाच वाक्यात सांगता येते: मुळातील जंतू बाहेर काढावयाचे आणि त्यांना पुन्हा आत शिरू द्यावयाचे नाही.

घड्याळाच्या स्प्रिंगपासून नव्या धातूपर्यंत

हे काम करणारे हत्यार म्हणजे एक अत्यंत बारीक कानस होय. 1838 साली अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळातील स्प्रिंग घासून असे पहिले हत्यार तयार केले, असे मानतात. साफ केलेली नळी भरण्यासाठी 1867 पासून गटापर्चा हा पदार्थ वापरात आला व तो आजही वापरला जातो. मलाया प्रांतातील एका झाडाचा तो चीक आहे. आपल्याकडील चिकू, मोह आणि बकूळ ही झाडे त्याच कुळातील. समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या पहिल्या तारा टाकल्या, तेव्हा त्यांनाही पाण्यापासून वाचविण्यासाठी याच चिकाचे वेष्टन घातलेले होते.

पूर्वी ज्याचा त्याचा कारखाना कानशींची मापे आपल्या मर्जीने ठरवीत असे. 1958 च्या सुमारास जॉन इंगल या अमेरिकन दंतवैद्याने मापांची एक पद्धती सुचविली व तीच पुढे जगभर रूढ झाली. त्यानुसार 25 क्रमांकाच्या कानशीचे टोक 0.25 मिलिमीटर जाड असते आणि पुढे प्रत्येक मिलिमीटरला ती 0.02 मिलिमीटरने जाड होत जाते. धारेचा भाग 16 मिलिमीटर लांब. क्रमांक चटकन ओळखता यावा म्हणून मुठीला रंग असतो: 15 ला पांढरा, 20 ला पिवळा, 25 ला लाल.

ह्या कानशी पोलादाच्या असत. पोलाद बळकट, पण ताठ. वाकड्या नळीत गेले की ते नळीलाच सरळ करू पाहते आणि मुळाची एक बाजू नको तितकी खरवडते. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी 1960 च्या आसपास निकेल आणि टिटॅनियम यांचा एक मिश्रधातू तयार केला. वाकविला तरी तो आपल्या मूळच्या आकारावर परत येतो. 1988 साली मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात ह्या धातूची कानस करून पाहिली, तेव्हा ती पोलादी कानशीहून दुप्पट-तिप्पट लवचीक असल्याचे आढळले. आज यंत्राने फिरविल्या जाणाऱ्या बहुतेक कानशी ह्याच धातूच्या असतात.

हत्यार का मोडते

लवचीक झाली तरी कानस अमर नव्हे. ती दोन प्रकारांनी मोडते, आणि दोन्ही प्रकार आपल्या शेतकरी वाचकांना सहज समजण्यासारखे आहेत. लाकडात गिरमिट रुतून बसले असता मूठ जोराने फिरवीत राहिलो, तर गिरमिटाला पीळ पडून ते तुटते. हा पहिला प्रकार. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकविली की ती तेथेच तुटते. हा दुसरा. वाकड्या नळीत फिरणाऱ्या कानशीचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला 300 फेरे धरले, तर अवघ्या दहा सेकंदांत ही ओढाताण 50 वेळा होते. कानस घडविताना तिच्या पृष्ठावर राहिलेल्या सूक्ष्म ओरखड्यांतून भेग सुरू होते व ती हळूहळू आत सरकते. जाड कानस पीळ सहन करते, पण वाकणात लवकर थकते. बारीक कानस वाकण सहन करते, पण पिळाने तुटते. शिवाय बोथट विळ्याने गवत कापताना जसा जोर अधिक लागतो, तसा धार गेलेल्या कानशीलाही अधिक जोर लावावा लागतो, आणि जोराबरोबर मोडण्याचा धोका वाढतो.

पोलादी कानस मोडण्यापूर्वी पुष्कळदा तिचे पेड उलगडलेले दिसतात. ती जणू इशारा देते. नव्या धातूची कानस मात्र बाहेरून धडधाकट दिसत असतानाच तुटू शकते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा दंतवैद्य प्रत्येक कानस किती नळ्यांत वापरली याची मोजदाद ठेवतो, दर वेळी ती भिंगाखाली तपासतो आणि शंका येताच टाकून देतो. इंग्लंडमध्ये तर 2007 साली आरोग्य खात्याने अशी हत्यारे एकाच रोग्यासाठी वापरावीत, अशी सूचना काढली. तिचे कारण मात्र झीज नसून, एका मेंदूच्या रोगाचा संसर्ग टाळणे हे होते.

समजा, एवढे करूनही तुकडा मुळात राहिला, तर दात गेला असे समजावयाचे काय? नाही. तो धातू स्वतः विष नव्हे. तुकडा अडकण्यापूर्वी नळी कितपत स्वच्छ झाली होती, यावर सारे अवलंबून असते. कधी सूक्ष्मदर्शकाखाली तो कंपनाने सैल करून काढता येतो, कधी त्याच्या बाजूने वाट काढता येते, आणि कधी तो तसाच ठेवून वरचा भाग भरणे अधिक शहाणपणाचे असते. कारण खोल गेलेला तुकडा काढण्यासाठी मूळच इतके कोरावे लागेल की रोगापेक्षा औषध भारी व्हावे. मात्र तुकडा राहिल्याचे रोग्याला सांगितले पाहिजे, कागदावर नोंदविले पाहिजे, आणि पुढे क्ष-किरणाने तपासत राहिले पाहिजे. हे विचारण्याचा रोग्याला हक्क आहे.

दाढ का चिरते

मेलेले झाड वाळून ठिसूळ होते, तसा गर काढलेला दातही ठिसूळ होतो, असे पुष्कळ काळ मानले जात होते. 1992 साली सेजली आणि मेसर या संशोधकांनी उपचार झालेले 23 दात आणि त्याच माणसांचे दुसऱ्या बाजूचे तसेच जिवंत दात यांची तुलना केली. दोहोंच्या मजबुतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा दोष सुकण्याचा नव्हे. मग कशाचा?

1989 साली री, मेसर आणि डग्लस यांनी केलेल्या मोजणीत याचे उत्तर मिळते. उपदाढांवर केलेल्या त्या प्रयोगात नुसत्या रूट कॅनालच्या छिद्रामुळे दाढेचा ताठपणा अवघा 5 टक्क्यांनी घटला. चावण्याच्या पृष्ठावर खळगा केला, तर घट 20 टक्के झाली. परंतु पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा गेल्या, तेव्हा ती 63 टक्क्यांवर पोहोचली. लाकडी पेटीच्या समोरासमोरच्या दोन फळ्या काढल्या असता उरलेल्या दोन जशा बाहेर कलतात, तशी ही गोष्ट आहे. बहुधा कीड आणि जुने सिमेंट यांनी या कडा आधीच खाल्लेल्या असतात. अशा दाढेवर घास पडला की तो पाचरीसारखा आत शिरतो आणि दोन्ही भिंती फाकवितो. रोज हजारदा पाचर ठोकली गेली, तर एके दिवशी लाकूड फाटणारच.

येथे दंतवैद्यापुढे एक खरा पेच उभा राहतो. वरचे तोंड रुंद कोरले, तर कानस सरळ जाते व मोडण्याचा धोका कमी होतो. पण दाढेचा मोलाचा भाग कापला जातो. तोंड अरुंद ठेवले, तर दाढ बळकट राहते. पण कानशीवर ताण येतो. हिरड्यालगतच्या डेंटाइनवरच दाढेचा भार असल्यामुळे तेथे गरजेपुरतेच कोरावे, असा आज पुष्कळ तज्ज्ञांचा कल आहे.

टोपीचे महत्त्व

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवितो. ती निवताना आवळते आणि चाकाचे सुटे पाटे एकत्र धरून ठेवते. दाढेवरील टोपी, म्हणजे ज्याला आपण 'कॅप' म्हणतो, ती हेच काम करते. मात्र धाव बसण्यासाठी चाक शाबूत हवे. तसेच हिरड्याच्या वर दीड ते दोन मिलिमीटर तरी निरोगी दात सभोवार उरलेला असावा लागतो. मुळात बसविलेला खुंट दाताला बळ देतो, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. खुंट फक्त वरचे भरण धरून ठेवतो.

1984 साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी उपचार झालेल्या 1,273 दातांची तपासणी करून प्रसिद्ध केली. दाढा आणि उपदाढा यांना टोपीचा स्पष्ट लाभ झाला होता. पुढच्या दातांना विशेष झाला नव्हता. पुढचा दात फारसा पोखरलेला नसेल, तर साधे भरणही पुरते. 2002 साली ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांनी अमेरिकेतील आयोवा येथे पाहिले, तेव्हा टोपी न घातलेले दात टोपी घातलेल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेल्याचे दिसून आले.

म्हणजे घोटाळा कोठे होतो, ते आता ध्यानी येईल. ठणका थांबला की आपण काम संपले असे समजतो, आणि टोपीची खेप पुढे ढकलतो. कधी पेरणी आडवी येते, कधी लग्न, कधी मुलांची फी. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरते असते. ते झिजले की लाळेबरोबर जंतू पुन्हा मुळात शिरतात, आणि उघडी दाढ चिरण्याची वाट पाहत बसते.

म्हणून वाचकहो, उपचार सुरू होण्यापूर्वीच टोपीसह एकूण खर्च विचारून घ्यावा आणि तेवढ्याची तजवीज करावी. दाढेच्या किती भिंती शिल्लक आहेत, हेही विचारावे. हिरड्यावर काहीच उरले नसेल, तर दाढ काढणे हाच प्रामाणिक सल्ला असू शकतो, व तो ऐकून रागावू नये. टोपी लगेच परवडत नसेल, तर दाढेची टोके कमी करून भरणाने झाकता येतील काय, असे विचारावे. कायमचा नव्हे, पण तो एक आधार होतो. तोवर त्या बाजूने सुपारी, हाडे, चणे चावू नयेत. काम चालू असता दाताभोवती रबराचा पडदा लावला, तर कंटाळू नये. लाळ आत जाऊ नये आणि हत्यार घशात उतरू नये, यासाठीच तो असतो.

ठणका थांबणे म्हणजे रोगाने माघार घेणे होय. दाढ वाचली असे म्हणावयाचे, ते तिच्यावर छप्पर चढल्यावरच. पावसाळा तोंडावर असताना भिंती बांधून छप्पर न घालणारा गृहस्थ आपल्या गावात सापडणार नाही. तीच दूरदृष्टी आपण आपल्या आणि मुलाबाळांच्या दातांच्या बाबतीत दाखविली, तर म्हणीतले चणे आणि दात दोन्ही एकाच घरी नांदू शकतील.