बाटलीचे सूत आणि आमची कतरण

आमच्या मागावर चढणारे पॉलिस्टर सूत आणि पाण्याची बाटली ही मुळात एकच जिन्नस आहे. दोन्ही पीटीए आणि एमईजी या दोन रसायनांपासून बनतात. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी हा शोध लावला, तोही कापड छपाईच्या संस्थेत नोकरी करताना. तेव्हा रिकामी बाटली हा फक्त भंगारवाल्यांचा विषय नव्हे.

बाटलीपासून सूत करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत बाटल्या धुऊन, तुकडे करून वितळवतात. पाण्यात झाकणाचे तुकडे तरंगतात, बाटलीचे बुडतात. पण रंग व घाण थोडीफार राहतेच आणि पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी माल बिघडतो. म्हणून अशा मालाचा बराच भाग उशी-गादीत भरण्याच्या तंतूकडे जातो.

दुसरी रीत रासायनिक. तुकडे ग्लायकॉलमध्ये सुमारे २०० अंशांवर तापवले की प्लास्टिकची साखळी तुटते आणि पातळ रसायन हाती येते. ते गाळून पुन्हा पॉलिस्टर बनवतात. सूत नव्यासारखे निघते. खर्च मात्र जास्त. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात पॉलिजेंटा कंपनीने याच रीतीने बाटल्यांचे फिलामेंट सूत काढले.

आता खरी अडचण. केंद्र सरकारने २०२२ साली नियम दुरुस्त करून बाटल्यांसारख्या टणक वेष्टनात पुनर्वापराचे प्लास्टिक २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असे लक्ष्य ठेवले. म्हणजे बाटलीला बाटलीवालेच गिऱ्हाईक होणार. सूतवाल्यांना कच्चा माल महाग पडेल.

आमच्या मते उपाय आमच्याच कारखान्यात पडून आहे, तो म्हणजे कतरण. रासायनिक रीतीला पॉलिस्टरची कतरणही चालते. मात्र सुती मिसळली की काम अवघड होते, गडद रंगही त्रास देतो. आज सगळी कतरण एकाच पोत्यात कोंबून मिळेल त्या भावाने जाते. शुद्ध पॉलिस्टर, मिश्र आणि सुती अशी तीन पोती ठेवायला खर्च काहीच नाही.

आणखी एक गोष्ट. पुनर्वापराचे सूत म्हणून माल घेताना दलालाच्या शब्दावर न जाता जीआरएससारखे प्रमाणपत्र आणि त्या खेपेचा दाखला मागावा. नवे सूत आणि असे सूत डोळ्यांनी ओळखता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला एकदा खोटा माल गेला, तर बदनामी साऱ्या बाजाराची होते. तिजारतीत बरकत सचोटीनेच येते.