नळाच्या पाण्यातील क्लोरीन : अल्पखर्चिक गाळणी कशी निवडावी?

झाशी : बेतवा नदीवरील माताटीला धरणाचे पाणी झाशी शहराला पुरविले जाते. शुद्धीकरणानंतर जंतुनाशासाठी त्यात क्लोरीन मिसळला जातो. त्याचा उग्र वास अनेकांना नकोसा वाटतो आणि घरोघरी महागडी यंत्रे बसविण्याचा विचार सुरू होतो. केवळ क्लोरीन काढण्यासाठी मात्र एवढ्या खर्चाची आवश्यकता नसते.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार, क्लोरीन मिसळलेल्या पाण्यात ग्राहकापर्यंत पोहोचताना प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. जलवाहिनीत गळतीद्वारे शिरणाऱ्या जंतूंपासून हाच अंश संरक्षण देतो. त्यामुळे सौम्य वास हा दोष नसून पाणी निर्जंतुक केल्याची खूण होय.

कोणती गाळणी उपयुक्त?

क्लोरीन काढण्याचे काम सक्रिय कार्बन करतो. नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून तो तयार होतो. त्याच्या पृष्ठभागावर क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर होते. पाणी जितके सावकाश झिरपेल, तितका परिणाम चांगला. साध्या चिनीमातीच्या कॅन्डलने गढूळपणा कमी होतो, क्लोरीन नाही. अतिनील किरणांचे यंत्र जंतू मारते, पण घरगुती यंत्रातील हे किरण क्लोरीनचा वास घालवीत नाहीत. आरओ यंत्रातही क्लोरीन मुख्यतः आधीच्या कार्बन गाळणीतच अडतो, कारण क्लोरीनमुळे आरओचा पडदा खराब होतो. शिवाय या यंत्रातून बरेच पाणी वाया जाते. विरघळलेले क्षार प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिले होते. उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड देणाऱ्या बुंदेलखंडात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

खरेदीपूर्वी यंत्राच्या किमतीबरोबरच कार्बनच्या नळकांड्याची किंमत आणि ते किती लिटर पाणी गाळते, हे पाहावे. नळकांड्याच्या किमतीला लिटरने भागल्यास खरा खर्च कळतो. मुदत संपलेल्या कार्बनमध्ये जंतू वाढू शकतात. म्हणून ते वेळेवर बदलणे अत्यावश्यक आहे.

बिनखर्चाचे उपाय

पसरट भांड्यात पातळ कापडाने झाकून पाणी काही तास ठेवल्यास मुक्त क्लोरीन बराचसा उडून जातो. उकळल्यानेही तो निघतो.

क्लोरीन निघाल्यावर पाण्याचे संरक्षणही संपते. असे पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवून त्याच दिवशी वापरावे. पिण्यापुरतेच पाणी गाळावे. टाकीतील साठ्याचा क्लोरीन काढू नये.

हातपंपाच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतो आणि टँकरच्या पाण्यात तो असेलच याची खात्री नसते. अशा पाण्यासाठी केवळ कार्बन गाळणीवर विसंबणे धोक्याचे आहे. ते उकळून अथवा योग्य प्रमाणात क्लोरीन मिसळूनच प्यावे.